फान्गिलदादानं पाणी तोडलं

आमच्या गावात सगळ्यात चांगला शेतकरी कोण, असं आजही विचाराल तर लोक गुक फान्गिलचं नाव घेतील. सगळ्यात मोठी चूक कुणाची, असं विचारलंत तर मात्र जो तो समुद्राच्या बांधाकडं बघत बसेल. मी नाही बसणार. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सासू म्हणायची, आणि सासू गेली तरी जीभ तशीच आहे. शिवाय त्याच्या आणि माझ्या घरांमध्ये एक कुंपण, त्याच्या आणि माझ्या खाचरांमध्ये एक बांध. माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?

आम्ही मूळचे डोंगरातले. खोऱ्याच्या तोंडाशी धरण झालं, पाणी चढत चढत आलं आणि आमचं गाव, विहिरी, वाडवडिलांची थडगी, सगळं पोटात घेऊन बसलं. बदल्यात आम्हाला समुद्रकाठी आणून सोडलं. समुद्रात बांध घालून आतलं पाणी हटवलं होतं. तो उघडा पडलेला चिखल म्हणजे आमची शेतजमीन! खेकडे पळत होते हो तिच्यावर. बायका तिथंच बसून रडायला लागल्या. फान्गिलदादा मात्र खाली वाकला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला नाही.

"खारट आहे," तो म्हणाला. "पण माती आहे. मातीला शिकवता येतं."

माझा नवरा दाल्सू शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "दादा, मला माझा बाप काही शिकवू शकला नाही. ही तरी शिकते का बघ."

माझा नवरा आळशी. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचा संबंध येतो.

फान्गिलदादा म्हणजे खोऱ्यात वर्षानुवर्षं बैलावर बसलेला माणूस. तिसरी खुरपणी संपली की आमच्यात खुरपी धुवायचा सण असतो. खाचरातलं पाणी तोडायचं, माती उन्हात भेगाळू द्यायची, खुरपी ओढ्यावर धुऊन वळचणीला टांगायची. मग ज्याचं भात सगळ्यात देखणं त्याच्या तोंडाला काजळी फासायची आणि त्याला बैलावर बसवून ढोल-झांजा वाजवत गावभर मिरवायचं. त्या दिवशी भोपळ्याचे घावन, पांढरी दारू, आणि कुणी कितीही प्यालं तरी बायकोनं बोलायचं नाही. पण सणापेक्षा पाणी तोडण्याला महत्त्व. भात तहानलं की मुळं खोल सोडतं, बुंधा घट्ट धरतं, वाऱ्यात लोळत नाही. किती वाळवायचं हे फान्गिलदादाच्या टाचेला कळायचं. तो अनवाणी खाचरात उभा राहायचा आणि टाच उमटली नाही की म्हणायचा, "बास." सगळं खोरं त्याच्या टाचेकडं बघून चालायचं.

इथं पहिली दोन वर्षं सण झालाच नाही. मिरवायला होतं काय? पहिल्या साली शेतकी खात्याचा एक साहेब सांगून गेला की गोडं पाणी कमी आहे, जपून वापरा, खाचरातलं पाणी बदलू नका. आम्ही जपलं. ऊन पाणी घेऊन गेलं, मीठ तिथंच राहिलं, आणि लावलेली रोपं बघता बघता पांढरी पडली. दुसऱ्या साली थोडं पीक उभं राहिलं, पण लोंब्या चुरगाळल्या तर निम्मं पळंज, नुसती फोलपटं. खाजणात उगवणारी लाल भाजी तीन तीन पाण्यांत उकळून आम्ही खायचो. कितीही उकळा, तोंडं सुजायचीच.

त्या दोन सालांत फान्गिलदादाच्या दोन मुली गेल्या. मेल्या नाहीत, दूर राजधानीत, सोलला गेल्या. पहिल्या हिवाळ्यात थोरली ओक्जा कापडाच्या गिरणीत, दुसऱ्या हिवाळ्यात मधली सुन्बोक कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला. कापणी उरकली की शहरातून एक बाई यायची. तिला सगळे मावशी म्हणायचे. कुणाची मावशी होती ती, देव जाणे! चांगली गोड बोलायची. पोरींना खडीसाखर द्यायची, आणि बोलता बोलता तांदळाच्या रांजणात डोकवायची. ज्या घरचा रांजण रिकामा, त्या घरी ओसरीवर टेकायची.

सुन्बोक गेली तेव्हा तिची आई योंग्सिम दाराचा खांब धरून उभी होती. रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "दोन दिल्या. तिसरी मागाल तर मी बांधावरून समुद्रात उडी घेईन."

"तिसरी जाणार नाही," फान्गिलदादा म्हणाला. "पुढच्या साली रांजण भरतो. नाही भरला तर नावाचा शेतकरी नाही."

सगळ्या आळीनं ऐकलं ते.

तिसरी म्हणजे माल्सुन. तिचं नाव आजीनं ठेवलेलं. माल्सुन म्हणजे ही शेवटची, आता पुन्हा मुलगी नको. नको म्हणून नाव पडलं आणि तीच बापाच्या काळजाचा तुकडा झाली. बारा-तेरा वर्षांची पोर, हडकुळी, आणि तोंड असं की माझ्या तोंडाला तोंड देणारी आळीत ती एकटीच. रोज सकाळी ती खाचराच्या पाण्यात बोट बुडवून चाखायची आणि बांधावरून ओरडायची, "बाबा, आज किमचीचं पाणी!" किमची म्हणजे आमचं मिठातलं लोणचं, तेव्हा फान्गिलदादा लगेच पाणी बदलायचा. "आज सोयाची आमटी!" म्हणजे ठीक. "आज नुसता घाम!" म्हणजे उत्तम. तिच्या जिभेवर त्याचा भारी भरवसा होता.

तिसऱ्या साली पाऊस वेळेवर लागला. कालव्याला पाणी आलं, आणि कालवा कुठून येतो माहीत आहे? आमच्याच धरणातून. आमच्या बुडालेल्या घरांवरचं पाणी आम्हाला पाळीनं मिळायचं! पण मिळालं हे खरं. लावणी झाली, रोपांनी मुळं धरली, फुटवे आले. त्याच साली शेतकी खात्यानं नवा साहेब पाठवला. म्योंग त्याचं नाव. पोरगेला, सायकलवरून यायचा, आणि बायकांशी बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. लाल झाले की आम्ही अजून बोलायचो.

एकदा तो फान्गिलदादाच्या बांधावर उकिडवा बसला. खाचरातलं एक रोप उपटलं, शेजारची लाल भाजी उपटली, आणि ब्लेडनं दोन्हींचं पान चिरून दाखवलं.

"पानात बारीक बारीक खोल्या असतात. पेशी म्हणतात त्यांना. प्रत्येक खोलीत एक रांजण आहे समजा. मुळातून पाण्याबरोबर मीठ वर आलं की रोप ते त्या रांजणात कोंडून ठेवतं. कोंडलेलं असेपर्यंत त्रास नाही. ह्या लाल भाजीचे रांजण मोठे, म्हणून ती खाऱ्यात माजते. भाताचे लहान. ते भरले की मीठ खोलीभर सांडतं आणि पान मरतं."

"कोंडायला काही लागत नाही का, साहेब?" माल्सुननं विचारलं.

"लागतं तर! मीठ आपणहून थोडंच आत जातं? रेटावं लागतं. रोपाचं निम्मं जेवण त्यातच खर्ची पडतं. म्हणून खाऱ्यातलं भात खुजं राहतं."

"म्हणजे राबायचं आणि अंगी लागायचं नाही," मी म्हणाले. "आमच्याच आळीतलं दिसतंय."

कान लाल झाले. माल्सुन तेवढ्यात खालची पिवळी, वाळकी पानं खुडायला लागली, तसा तो ओरडलाच. "खुडू नकोस! ती फुकट नाही वाळलेली. रोप सगळ्या पानांना सारखं मीठ वाटत नाही. जुन्या, खालच्या पानांच्या पदरात टाकतं. ती भरतात, वाळतात, आणि वरचं कोवळं पान वाचतं. पोटातली लोंबी वाचते. जुनी पानं आहेत तोवर भात आहे."

"आणि जुनी संपली की?" फान्गिलदादानं विचारलं.

"मग नव्याची पाळी," साहेब सहज बोलून गेला.

 माल्सुनच्या डोक्यावरचं फडकं सुटलं नव्हतं, तरी फान्गिलदादानं ते सोडून पुन्हा बांधलं.

राखेचं पण त्या साहेबानंच सांगितलं. मिठातलं सोडियम आणि राखेतलं पोटॅशियम म्हणे दिसायला सख्ख्या भावंडांसारखी. रोपाला हवं असतं राखेतलं. ते नसलं की मूळ फसतं आणि दारात उभ्या असलेल्या दुसऱ्यालाच आत घेतं. "राख टाका," तो म्हणाला. "दारात खऱ्याची गर्दी होऊ दे." झालं! माल्सुननं टोपली उचलली. रोज सकाळी घरोघर. "काकू, राख!" अशी आरोळी ठोकायची, जशी काही मी तिची राख लपवून ठेवलीय. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी. मी म्हणायचे, "अगं भवाने, बाप बैलावर बसायच्या आधी तूच काजळी फासून घेतलीस की!"

फान्गिलदादाच्या खाचराचा एक कोपरा समुद्राच्या बांधाला लागून होता. तिथं खालून खारं पाणी झिरपायचं. तीन वेळा रोपं लावली, तीन वेळा गेली. बाकी खाचर हिरवंगार आणि तो कोपरा टक्कल पडल्यासारखा. माल्सुन निम्मी राख तिथंच ओतायची. बाप म्हणायचा, सोड तो. ती म्हणायची, "बाबा, बाकीचं तुमचं. हा कोपरा माझा. मी करून दाखवते."

तिसरी खुरपणी संपली तेव्हा फान्गिलदादाचं भात असं उभं होतं की डोंगरातलेसुद्धा बघत राहिले असते. योंग्सिम बांधावरून जाताना हाताआड हसायची. हसताना मी तिला दोन वर्षांत प्रथम पाहिलं. गाव जमलं आणि ठरलं की यंदा खुरपी धुवायची. तांबडा बैल गावात एकच, तो तेलपाणी करून बांधला. ढोल उतरवले. पाणी तोडायचा दिवस ठरला.

साहेब सायकल टाकून धावत आला. चटईवर बसलेल्या सगळ्या पुरुषांसमोर म्हणाला, "इथं पाणी तोडू नका. वर पाणी आहे म्हणून मीठ खाली दबून आहे. माती वाळली की दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं ते वर चढेल. सगळं एकदम मुळांशी येईल."

"पाणी तोडलं नाही तर मुळं उथळ राहतील," फान्गिलदादा शांतपणे म्हणाला. "पुढं वादळाचे दिवस आहेत. भात लोळेल."

"थोडं लोळेल, दादा. पण जगेल."

"लोळलेल्या भातानं रांजण भरत नाही, साहेब. तुम्ही किती साल भात लावलंय?"

साहेबाचे कान पेटले. त्यानं कधीच लावलं नव्हतं, आणि खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

दाल्सूला तेवढंच हवं होतं. "मागचा साहेब म्हणाला पाणी बदलू नका, हा म्हणतो तोडू नका. आमच्या पाण्यावर खात्याचा एवढा डोळा का हो?"

सगळे हसले. मागच्या साहेबानं आमची तोंडं पोळली होती, म्हणून ह्याचं ताकही कुणी फुंकून प्यायलं नाही, सरळ ओतूनच दिलं. पोरगा सायकल उचलून निघून गेला. तो बरोबर होता. बरोबर असून उपयोग काय? आमचा विश्वास त्याच्या आधीच कुणीतरी खाऊन गेलं होतं.

संध्याकाळी कुंपणापलीकडून योंग्सिमचा आवाज आला. "अहो, एक साल राहू दे ना सण. त्या पोराचं ऐकलं तर काय बिघडेल?"

"सणासाठी तोडतोय का मी?" तो चिडला. "हे भात लोळलं तर काय होईल ठाऊक आहे ना तुला? बाप, आजा, पणजा, सगळ्यांनी असंच वाचवलं. मला दुसरं काही येत नाही गं. माल्सुनला ठेवायचं तर हेच करायला हवं."

लोक म्हणतात मानासाठी केलं. थोडं मानासाठीही असेल, खोटं कशाला बोलू! बैलाच्या शिंगांना तेल लावताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. पण हे शब्दही मी ह्या कानांनी ऐकलेत.

त्यानं खाचरातलं पाणी सोडायची मोरी उघडली. सगळ्यांनी उघडली. आमची तेवढी राहिली. माझा नवरा सणाची दारू जमली का बघायला गेला आणि बघत बघत तिथंच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. गावभर खाचरं सुकत होती आणि आमच्यात बेडूक ओरडत होते. लाज वाटली मला.

सणाच्या दिवशी फान्गिलदादा बैलावर बसला. काजळी फासलेली, डोक्यावर गवताची टोपी. माल्सुन पुढं झांज बडवत नाचत होती, तिचा ताल एकदासुद्धा बरोबर पडला नाही. योंग्सिमनं घावन वाटले. मीपण नाचले. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, आणि आम्हाला त्याचा आनंद होता, काय सांगू! ऊन पडलंय म्हणून आनंद!

बाकीच्यांनी धरसोड केली, दोन दिवसांत घाबरून मोऱ्या बुजवल्या, होतं तेवढं पाणी अडवलं. फान्गिलदादा कधी अर्धवट काम करत नाही. माती तडकेपर्यंत तो थांबला. अनवाणी उभा राहिला. टाच उमटली नाही. "बास," म्हणाला आणि कालव्याची फळी उचलायला गेला.

कालवा कोरडा होता. वरच्या अंगाला पाऊस नव्हता, धरणातलं पाणी वरच अडवलं होतं. पाळी पुढं ढकलली, मग आणखी पुढं. आमच्याच घरावरचं पाणी आम्हाला मिळेना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

भेगांच्या कडांवर आधी पांढरी रेघ आली. मग भुकटी. माल्सुननं सवयीनं बोट लावून चाखलं. फान्गिलदादा वाट बघत उभा होता. किमची की आमटी, ती काहीच ओरडली नाही. थुंकली, पुन्हा थुंकली, आणि म्हणाली, "बाबा, हे मीठच आहे."

मग तिघं कावडी घेऊन विहिरीला लागले. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, ती पिण्याची. बायका भांडायला उठल्या. मी पुढं होऊन म्हटलं, "पहिली जिचा हात लागेल तिचे दात पाडीन." मग गप्प झाल्या. पण खाचराला विहीर किती पुरणार? दर्यात खसखस. खांद्यांची सालटी निघाली. म्योंग साहेब आला. मी म्हटलं आता हा ऐकवणार, हक्क होता त्याचा. त्यानं सायकल लावली, शर्ट काढला आणि चौथी कावड उचलली. 

खालची पानं तर कधीच गेली होती. मग मधली गेली. टोकाकडून वाळत यायची, पांढरी होत, गुंडाळत. साहेब रोज एकेक बुंधा बोटांनी चाचपायचा. फान्गिलदादा त्याच्या बोटांकडं बघायचा. एके दिवशी साहेबानं हात काढून घेतला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाला, "वरच्या पानात आलंय."

लोंब्या निसवल्या त्या पांढऱ्या. भरलेली लोंबी मान खाली घालते. ह्या ताठ उभ्या राहिल्या, वाऱ्यात कागदासारख्या वाजायच्या. गावात कुणाचं निम्मं गेलं, कुणाचं पाव. फान्गिलदादाचं सगळं गेलं. आणि आमचं, दाल्सूच्या आळसानं वाचलेलं, वादळात थोडं लोळलं, पण रांजण निम्मा भरला. मी ते धान्य मागच्या दारानं घरात घेतलं. एक मापटं योंग्सिमला नेऊन दिलं, तिनं घेतलं. म्हटलं, "माल्सुनला माझ्याकडं झोपायला पाठवा, जेवेल माझ्या पोरांत."

"वहिनी," फान्गिलदादा म्हणाला, "तुमची चार आहेत. हिवाळा लांब असतो."

 खरं होतं ते.

मावशी आली. रांजणात बघितलं. ओसरीवर टेकली. योंग्सिम चुलीपुढून उठली नाही, समुद्राकडं गेली नाही. माणूस बोलून जातो, पण घरात दोन तोंडं खायची राहतात, चूल पेटवावी लागते. फान्गिलदादा खांबाला टेकून आपल्या टाचांकडं बघत होता. कुणीच हो म्हणेना, कुणीच नाही म्हणेना. शेवटी माल्सुनच आतून बाहेर आली.

"चला मावशी, जाऊ या," ती म्हणाली. "जुनी पानं संपली. आता नव्याची पाळी."

हसत म्हणाली हो. कार्टी होतीच तशी, कुठंही थट्टा. तिला वाटलं बाप हसेल. फान्गिलदादा उठला आणि घरामागं गेला. तिथून जो आवाज आला तो माणसाचा होता हे मला आधी कळलंच नाही.

जायच्या दिवशी सकाळी ती टोपली घेऊन माझ्या दारात आली. "काकू, राख!" शेवटची टोपली तिनं त्या कोपऱ्यात ओतली, हात झटकले, बोचकं उचललं. "नव्या वर्षाला येते. माझी राख साठवून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका." मी म्हटलं, "येताना माझ्यासाठी शहरातला साबण आण, नाहीतर दारात उभी करणार नाही." एवढंच. बांधावरून बस गेली.

शहरात लोक कोळशाच्या वड्या जाळतात. चुलीचा धूर जमिनीखालून फिरवतात, त्याची ऊब वर येते, खोली तापते. जमिनीला भेग असली तर उबेबरोबर धूरही येतो, विषारी, पण तो दिसत नाही. माल्सुन कामाला राहिली त्या घरात तिला दिलेली खोली स्वयंपाकघराला लागून, इतकी लहान की पाय पसरले तर दार लागत नव्हतं, असं सुन्बोक सांगते. थंडीचा पहिला कडाका पडला त्या रात्री घरच्यांनी चुलीत दोन वड्या जास्त घातल्या. पोरीला थंडी वाजू नये म्हणूनच घातल्या म्हणे. सकाळी भांडी घासायला ती उठली नाही.

आमच्यात लग्नाआधी गेलेल्या लेकराला थडगं नाही. पिंड नाही, पान नाही, वर्षाचा नैवेद्य नाही. आईबापाच्या आधी जाणं हा त्या लेकराचाच अपराध मानतात, काय पण रीत आहे! जाळायचं आणि राख नदीत सोडून रिकाम्या हातानं घरी यायचं. फान्गिलदादा रीतीबाहेर पाऊल न टाकणारा माणूस. तो सोलला गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेली पेटी होती. बसमधून उतरून घरी गेला नाही, सरळ खाचरात गेला.

योंग्सिम बांधावर येऊन उभी राहिली. मी तिच्या मागं. गावातले म्हातारे पण आले, आता हे बोलणार असं वाटलं, पण एकानंही रीत काढली नाही. त्या कोपऱ्यातली गोठलेली ढेकळं फान्गिलदादानं खुरप्यानं फोडली, पेटी उघडली, आणि माल्सुन टाकायची तशीच, मुठीमुठीनं टाकली. मग हातानं माती सारखी केली. बराच वेळ सारखी करत होता.

माझ्या चुलीची राख मी खरंच साठवली होती. पोतंभर झाली होती. वसंतात मी तीपण तिथं नेऊन ओतली.

ह्याला खूप वर्षं झाली. धरणाचं पाणी पुढं नियमानं यायला लागलं, शेतोशेती पाण्याच्या चाऱ्या झाल्या, मीठ धुतलं गेलं. म्योंग साहेब बदली होऊन गेला, तो जाताना फान्गिलदादाच्या पाया पडला आणि दोघंही रडले. आता आमच्याकडं कुणी खाचर भेगाळू देत नाही. सण होतो, पण खाचरात पाणी ठेवून. दरसाल पोरं बैल घेऊन फान्गिलदादाच्या दारात येतात, कारण भात अजूनही त्याचंच देखणं. तो बैलाच्या पाठीवर हात फिरवतो, पोरांना दारूला पैसे देतो आणि आत जातो.

त्या कोपऱ्यात भात येतं. बाकीच्यासारखंच येतं, जास्त नाही, कमी नाही. लोक काहीबाही बोलतात. मी म्हणते, पाणी वाहतं झालं म्हणून आलं, मूठभर राखेनं काय होतंय? पण कापणीला फान्गिलदादा सगळं खाचर कापतो आणि तिथं येऊन थांबतो. तेवढं उभं ठेवतो. जन्मभर चिमण्यांमागं गोफण घेऊन धावलेला माणूस, आता बांधावर बसून त्यांना खाऊ देतो.

एकदा दाल्सू न राहवून म्हणाला, "दादा, चांगलं धान्य वाया जातंय की."

"माझं नाही ते," फान्गिलदादा म्हणाला. "तो कोपरा तिचा आहे. तीच म्हणाली होती."